नऊला बंद होते म्हणून एक स्टार देऊ नका (भिसी-चिमूर रोडवरची खानावळ)

मी सहसा रिव्ह्यू वगैरे लिहीत नाही, पण परवा या खानावळीला कोणीतरी एक स्टार दिलेला वाचला आणि डोकंच फिरलं. लिहिलंय काय तर रात्री सव्वानऊला पोचलो, आत दिवे चालू होते, जेवण शिल्लक होतं तरी ताट लावून दिलं नाही, माणुसकी नाही. त्या रात्री मी तिथंच बसून होतो त्यामुळं काय झालं ते मला पूर्ण माहीत आहे, ते खाली सांगतोच, पण आधी जेवणाचं सांगतो कारण रिव्ह्यू जेवणाचा आहे.

नागपूरवरून उमरेड, भिसी करत चिमूरकडं जाताना चिमूरच्या अलीकडं एका फाट्यावर कडुनिंबाच्या झाडाखाली टिनाचं शेड आहे. बोर्डावर नाव नाहीच, फक्त 'जेवण तयार आहे' एवढंच रंगवलंय, त्यामुळं आजूबाजूच्या गावात सगळे काकूची खानावळ म्हणतात. ताडोब्याला कोलारा गेटनं जाणारे पर्यटक याच रस्त्यानं जातात पण बहुतेक जण थांबत नाहीत, काचा लावलेलं एसी हॉटेल बघून पुढं निघून जातात. थांबा एकदा, खरंच सांगतो.

साधं ताट १४० रुपये. त्यात दोन ज्वारीच्या भाकरी नाहीतर तीन पोळ्या, एक रस्सा भाजी, एक सुकी, वरण, भात, ठेचा, कांदा, लिंबू. हिवाळ्यात गेलात तर पोपटीच्या शेंगांची भाजी मिळते, ती मिळाली तर दुसरं काही मागूच नका. वांग्याची भाजी रोज असते आणि तिच्यावर तर्री अशी येते की ताट थोडं कललं तर भाताला रंग चढतो. सोमवारी मुंगवडीचा रस्सा. पाटोडी (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा गुरुवारी असतो, पाटोडी आतून कच्ची लागत नाही की दगडासारखी लागत नाही, ज्यांनी घरी केली असंल त्यांना माहीत आहे हे किती अवघड आहे. मटण फक्त शुक्रवारी आणि रविवारी, प्लेट २५० ला, आणि संध्याकाळी सातनंतर मिळंल याची खात्री नाही कारण ते एकदाच शिजतं, पाणी घालून वाढवत नाहीत. गावरान कोंबडी आदल्या दिवशी फोन करून सांगावी लागते.

भाकरीबद्दल वेगळं लिहितो. चुलीजवळ दोन बाया बसलेल्या असतात, एक थापते आणि एक भाजते, आणि दर अर्ध्या तासानं जागा बदलतात. मी आधी म्हटलं सहज बसल्या असतील, पण नंतर लक्षात आलं की चुलीसमोरची जागा गरम असते म्हणून एकीलाच सारखं जाळापुढं बसवत नाहीत. भाकर पातळ, कडा फुटलेल्या नाहीत, पापुद्रा वर आलेला, आणि मधोमध थोडी मऊ. संध्याकाळी आठची भाकर दुपारी एकच्या भाकरीसारखीच असते, यात फरक पडत नाही, आणि हॉटेलात काम केलेल्या माणसाला विचारा ही किती मोठी गोष्ट आहे. मी काकूला एकदा म्हटलं काकू रात्रीची भाकर पण अशीच कशी काय होते, तर म्हणे, "मानूस झोपला नाही त हात चालत नाही बाबू, अन हात नाही चालला त भाकर फाटते. दुपारून दुसऱ्या बाया येतेत ना."

म्हणजे दोन पाळ्या आहेत. एवढ्याशा खानावळीत. एकूण सात माणसं कामाला, सकाळची पाळी ८ ते ४, दुपारची १ ते ९, म्हणजे १ ते ४ जेव्हा जेवायची खरी गर्दी असते तेव्हा दोन्ही पाळ्यांची माणसं हजर असतात आणि ताट यायला वेळ लागत नाही. मध्ये प्रत्येकाला अर्धा तास जेवायला, आणि तेच जेवण जे गिऱ्हाईकाला असतं. बुधवारी सगळंच बंद.

गल्ल्याच्या बाजूला खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक शंभर पानी वही लटकते, शाळेतली असते तशी, कव्हर फाटून गेलंय म्हणून वर्तमानपत्राचं लावलंय. हात धुवायला जाताना ती डोळ्यासमोरच येते. एकदा ताट यायचं होतं तर मी ती उघडून बघितली, काकूला विचारून. निळ्या पेनानं रकाने आखलेत, नाव, आली किती वाजता, गेली किती वाजता, जादा. एका शनिवारच्या ओळीत लिहिलं होतं, बारशाचं जेवण, जादा दीड तास, १८० रुपये, आणि पुढं त्या बाईची सही, एक एक अक्षर सुटं सुटं काढलेली. भांडेवाल्या मावशीच्या नावापुढं जवळपास रोज पाव तास जादा, कारण नऊला बंद झालं तरी शेवटची भांडी सव्वानऊपर्यंत चालतात. पाव तास! मी पाव तास लिहिलेला पहिल्यांदाच बघितला आयुष्यात. आठ तासाची रोजी ४८० रुपये म्हणजे तासाला ६०, आणि जादा तासाला दुप्पट म्हणजे १२०, तर मावशीच्या पाव तासाचे ३० रुपये. शनिवारी सगळा हिशोब होतो आणि समोर वाचून दाखवला जातो, ज्याला वाचता येत नाही त्यालासुद्धा.

ती वही बघून मला जे वाटलं ते समजायला माझं थोडं ऐकावं लागंल.

मी बारावीनंतर नागपूरला हॉटेल मॅनेजमेंटचा एक वर्षाचा कोर्स केला आणि जंगलाच्या बाजूच्या एका रिसॉर्टमध्ये स्टुअर्ड म्हणजे वाढपी म्हणून लागलो. नाव लिहित नाही, आणि तसंही हे फक्त त्या एका रिसॉर्टचं नाही. पगार महिना १२ हजार, राहणं खाणं फ्री. घरी सगळे खुश, पोट्टं टाय लावून कामाला लागलं, आईनं तर फोटो फ्रेम करून घेतला. तिथं सव्वादोन वर्षं काढली मी.

सफारीच्या हॉटेलात दिवस कसा असतो सांगतो, कारण पाहुण्याला तो दिसत नाही. सकाळची सफारी उजाडतानाची असते म्हणून पाहुण्यांना पहाटेच चहा बिस्कीट लागतं आणि सोबत पॅक नाश्त्याचे डबे, म्हणजे आम्ही साडेचारला डायनिंगमध्ये. पाहुणे सफारीवरून येतात दहा साडेदहाला, मग मोठा नाश्ता, तो आवरून कटलरी गरम पाण्यातून काढून कपड्यानं एक एक चमचा पुसून ठेवायचा, बारा वाजतात. दुपारचं जेवण दुसऱ्या पोरांकडं. मग आमचा ब्रेक. मग संध्याकाळी साडेसहाला परत, सफारीवरून आलेल्यांचा चहा भजी, मग शेकोटीजवळ स्टार्टर, मग बुफे, आणि शेवटचं टेबल उठून बुफे आवरून सकाळची मांडणी करून ठेवेपर्यंत रात्रीचे बारा. याला हॉटेल लाईनमध्ये ब्रेक शिफ्ट म्हणतात. कागदावर नऊ तास. खरं म्हणजे साडेसात आणि साडेपाच, तेरा तास.

आणि तो ब्रेक म्हणजे काय, तर बंकर. हॉटेलवाले स्टाफच्या खोलीला बंकर म्हणतात, कुठून आला हा शब्द माहीत नाही पण बरोबर आहे. टिनाचं छत, एका खोलीत आठ पलंग, एक पंखा. मे महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ च्या वर जातो हे सांगायला नको, दुपारी बारा ते सहा त्या टिनाखाली कोण झोपणार आहे. ओला गमछा अंगावर घेऊन पडायचं, गमछा दहा मिनटात वाळायचा. म्हणजे झोप फक्त रात्री बारा ते चार. सिझनला कोणी सुट्टीवर गेलं की त्याची दुपारपण आपल्याकडं, मग ब्रेकही गेला, त्याला डबल मारणं म्हणतात. आणि हे अभिमानानं सांगितलं जायचं, कॅप्टन म्हणजे आम्हा वाढप्यांचा मुख्य म्हणायचा हा पोरगा बघा सलग सात दिवस डबल मारतोय, आणि आम्हालापण छाती फुगवून वाटायचं की आपण काहीतरी मोठं करतोय.

मंगळवारी ताडोब्याची सफारी बंद असते. लोकांना वाटते स्टाफला सुट्टी असंल. मंगळवारी डीप क्लिनिंग. खुर्च्या बाहेर काढा, पडदे धुवा, स्टोर लावा. आणि जुलै ते सप्टेंबर कोर म्हणजे जंगलाचा आतला भाग बंद असतो तेव्हा घरी जा, बोलवू तेव्हा या, तेवढ्या दिवसाचा पगार नाही. दोन दिवाळ्या मी घरी नव्हतो कारण दिवाळीत हॉटेल फुल्ल.

ओव्हरटाइम हा शब्द तिथं फक्त एकदा ऐकला, तो पण एका नवीन पोरानं विचारला म्हणून, आणि त्याला उत्तर मिळालं की टिप मिळते ना.

माझ्यासोबत बाजूच्या गावचा एक पोट्टा होता. तो बंकरमध्ये राहत नव्हता, घरी म्हातारी एकटी म्हणून गाडीनं जाणं येणं करायचा. एका रात्री सलग तिसरा डबल झाल्यावर साडेबाराला निघाला आणि गाडीवरच डोळा लागला. रस्त्याच्या कडेला नालीत गेला, गळ्याजवळचं हाड मोडलं, पहाटे दूधवाल्याला दिसला. जंगलाच्या बाजूचा रस्ता आहे तो, रात्री तिथं काय फिरते हे सगळ्यांना माहीत आहे, वाचला म्हणायचं. आम्ही चार जण मिळून मॅनेजरकडं गेलो की दवाखान्याचा खर्च द्या, तो ड्युटीवरून जात होता. मॅनेजरनं मस्टर म्हणजे हजेरीचं रजिस्टर काढून समोर ठेवलं. मस्टरवर त्याची सुटायची वेळ रात्री अकरा. सही त्याचीच. आम्ही सगळेच महिन्याच्या शेवटी एकदाच बसून सगळ्या सह्या मारायचो, वेळेचे रकाने आधीच भरलेले असायचे. "अकराला सुटला, साडेबाराला पडला, मधे कुठं होता हे मी कसं सांगू," असं म्हटलं त्यानं. आमच्याकडं बोलायला काहीच नव्हतं कारण कागद त्यांच्याकडं होता आणि त्याच्यावर सही आमची होती.

त्या दिवसापासून मी केओटीच्या, म्हणजे किचनला ऑर्डर द्यायच्या चिठ्ठीच्या, कागदाच्या मागं रोजची वेळ लिहायला लागलो. आलो ४:२५. गेलो १२:१०. चार महिने लिहिलं. मग सोडलं.

सोडल्यावर चिमूरला एका ओळखीच्या वकील साहेबांकडं तो गठ्ठा घेऊन गेलो, त्यांनी मला पहिल्यांदा कायदा समजावून सांगितला, तो इथं लिहितो कारण आपल्या भागातली शेकडो पोरं या लाईनमध्ये आहेत आणि कोर्समध्ये आम्हाला नॅपकिनच्या घड्या शिकवल्या, हे नाही शिकवलं. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, आधीचा १९४८ चा होता तो जाऊन हा आला, आणि हॉटेल त्याच्यात येते. मी कामाला होतो तेव्हा नियम असा होता की दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास याच्या वर काम नाही, सलग पाच तासानंतर निदान अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी. त्याच्या वर काम घेतलं तर तासाला दुप्पट पैसे, आणि तेही तीन महिन्यात १२५ तासांपेक्षा जास्त घेता येत नव्हतं. आणि जो नियम ऐकून मी खुर्चीत सरळ झालो तो हा की सकाळी कामाला लागल्यापासून रात्री सुटेपर्यंत, मधला ब्रेक धरून, सगळं मिळून साडेदहा तासाच्या आत बसायला पाहिजे होतं, अगदी तुटक तुटक किंवा तातडीचं काम असलं तरी बारा तासाच्या आत. याला स्प्रेडओव्हर म्हणतात. आमचं पहाटे साडेचार ते रात्री बारा म्हणजे साडेएकोणीस तास होत होतं. म्हणजे ब्रेक शिफ्टमध्ये ब्रेक दिला म्हणून काही सुटका होत नाही, तो ब्रेकसुद्धा मोजायचा असतो. हे दोन वर्षात मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मग वकील साहेबांनी कागदावर हिशोब करून दाखवला. १२ हजाराला २६ नं भागलं तर दिवसाचे ४६१, नऊनं भागलं तर तासाचे ५१, दुप्पट म्हणजे १०२. रोज चार तास जादा, महिन्याचे २६ दिवस, १०४ तास. १०४ गुणिले १०२, म्हणजे दहा हजार सहाशे आठ रुपये. महिन्याला. माझ्या पगाराएवढं जवळपास दुसरं पाकीट दर महिन्याला कोणाच्या तरी खिशात जात होतं आणि मी टिपच्या पन्नास रुपयावर खुश होतो. आणि तीन महिन्याची १२५ तासाची मर्यादा आमची सहाव्या आठवड्यातच संपत होती.

आता यात बदल झालाय तो पण माहीत असू द्या. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं नऊचे दहा तास करायला, तिमाहीचा ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तासांवर न्यायला आणि ही बंधनं दहाऐवजी वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू करायला मंजुरी दिली. आपल्याकडं जंगलाच्या बाजूला पंधरा सोळा पोरांवर चालणारी किती रिसॉर्ट आहेत ते मोजा म्हणजे समजंल मी काहून चिडलोय. मला हा बदल अजिबात पटलेला नाही. दहा तास लिहिलेले असले की पंधरा करून घेतात, नऊ असताना तेरा करून घेतच होते.

त्या पैशाचं पुढं काय झालं म्हणाल तर थोडेफार मिळाले, सगळे नाही, आणि माझ्या त्या केओटीच्या कागदांमुळं मिळाले. तक्रार करायची तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या ऑफिसात करता येते. पण रोजची वेळ स्वतः लिहून ठेवा, तारखेसकट, आणि जमलं तर मस्टरचा फोटो काढून ठेवा, आणि आधीच भरलेल्या रकान्यावर सही करू नका. त्या पोट्ट्याला मात्र काही मिळालं नाही. तो आता घरी बटईनं, म्हणजे दुसऱ्याची शेती अर्ध्या वाट्यानं करतो, उजवा हात वर नेताना अजून दुखतो त्याला.

हे सगळं डोक्यात असताना मी काकूच्या खानावळीत ती वही बघितली, त्यामुळं मला तिथं जेवणच गेलं नाही थोडा वेळ. सात माणसं म्हणजे दहाच्यापण खाली, वीसच्यापण खाली. तासाची सक्ती करणारा तो कायदा काकूला लागूच होत नाही. कोणी तपासायला येत नाही, कोणी विचारत नाही, तरी पाव तास लिहिते ती बाई.

मी विचारलं तिला, काहून करता हे. ती कांदे चिरत होती, मान वर न करता सांगितलं. तिचा नवरा पंचवीस वर्षं नागपुरात एका हॉटेलात तंदूरवर होता. सोळा सोळा तास उभा. पायाच्या शिरा फुगून निळ्या झाल्या, मग जखमा व्हायला लागल्या, शेवटची पाच वर्षं घरीच होता आणि मालकानं शेवटच्या महिन्याचा पगारसुद्धा पाठवला नाही. ती स्वतः लग्नाच्या जेवणावळीत भांडी घासायला जायची, रात्री दोन दोन वाजेपर्यंत, आणि पैसे मागायला दुसऱ्या दिवशी कॅटरर्सच्या दारात बसून राहावं लागायचं. "म्या ठरोलं होतं बाबू, आपलं कधी काही निंगलं त कोनाले दारात बसू द्याचं नाही." एवढं बोलली आणि कांद्याची परात घेऊन आत गेली.

आठवड्याची सुट्टी ही काही कोणी दान दिलेली गोष्ट नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडून रविवारची सुट्टी मिळवली, १० जून १८९० ला. शाळेत एका ओळीत शिकलो होतो आपण. त्याला सव्वाशेच्या वर वर्षं होऊन गेली आणि आमच्या रिसॉर्टला मंगळवारी पडदे धुवायला लावायचे. काकूनं बुधवार ठरवला कारण बुधवारी त्या बाजूच्या मोठ्या गावचा बाजार असतो, बायांना महिन्याचं सामान घ्यायला जाता येते. एवढा विचार.

अजून एक, इथं छोटू नाही. हायवेवर टेबल पुसायला दहा बारा वर्षाचं पोरगं दिसणं इतकं सवयीचं झालंय आपल्याला की १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल ढाब्यावर चौदा वर्षाखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे हे आपण विसरूनच गेलो. काकूकडं वाढायला दोन जण आहेत, एक वीस एकवीसचा आणि एक चाळिशीतला भाऊ, दोघंही घाई करत नाहीत आणि पाणी संपायच्या आत आणून ठेवतात.

आता ती सव्वानऊची रात्र. दोन गाड्या आल्या, नऊ जण, लहान मुलंपण होती. नऊला शटर अर्धं खाली आलं होतं, भाकरीवाल्या बाया निघून गेल्या होत्या, भांडेवाली मावशी शेवटचे गंज (पातेली) घासत होती आणि वाढणारा पोरगा सायकल काढत होता. मी बाहेर बाजेवर बसून माझ्या भावाची वाट बघत होतो. त्यांनी नऊ ताटं मागितली. काकू म्हणाली चूल विझली, भाकर होणार नाही, पण वरण भात आणि पिठलं आहे ते बांधून देते. त्यातल्या एकानं त्या पोराकडं बघून म्हटलं याला थांबवा ना, शंभर रुपये देतो याला वेगळे. पोरानं सायकल स्टँडवर लावली, त्याला थांबायचं होतं, शंभर रुपये म्हणजे काही कमी नाही. काकू त्याला म्हणाली तू जाय, सकाळी आठले याचं आहे तुले. उद्या त्याची सकाळची पाळी होती. मग तिनं स्वतः वरण भात बांधला, लहान मुलांना दूध गरम करून दिलं, आणि नऊ जणांच्या जेवणाचे फक्त साडेचारशे घेतले. दुधाचे घेतलेच नाहीत. याला माणुसकी नाही असं लिहिलंय.

दादा, तुम्ही चिडला असाल, भूक लागली होती, लेकरं सोबत होती, मी समजू शकतो. पण जो पोरगा तुमच्यासाठी थांबला नाही तो दहा किलोमीटर सायकलवर जातो जंगलाच्या रस्त्यानं. तो एक स्टार तेवढा काढून टाका, एवढीच विनंती.

खानावळीत कमी काय आहे तेपण लिहितो म्हणजे नंतर कोणी म्हणू नये की नुसतं कौतुक केलं. एसी नाही, उन्हाळ्यात दोन कूलर असतात पण दुपारी बाराच्या पुढं शेड तापतंच, कूलरजवळचं टेबल मिळवा. बाथरूम स्वच्छ असते पण कडी ढिली आहे, कोणीतरी बाहेर उभं ठेवा. फोन पे चालते पण मोबाईलला रेंज कधी असते कधी नसते, रोख ठेवा जवळ. पोळ्यांपेक्षा भाकर चांगली. गोड काही मिळत नाही. आणि ताट बाजूच्या ढाब्यापेक्षा २० रुपयानं महाग आहे, तिकडं १२० ला मिळते. हे वीस रुपये कुठं जातात ते गल्ल्याच्या बाजूच्या वहीत लिहिलेलं आहे, हात धुताना बघून घ्या.

जी पोरं आता रिसॉर्टच्या मुलाखतीला जाऊन राहिलीत त्यांना एक सांगतो, पगार किती हे विचारता तसं पहिलं रोस्टर म्हणजे पाळ्यांचा तक्ता दाखवा म्हणा. ब्रेक शिफ्ट आहे का, आठवड्याचा ऑफ कोणत्या दिवशी, मस्टरवर रोज सही होते की महिन्याला, पीएफ कापता तर नंबर द्या. माझा चुलत भाऊ या दिवाळीनंतर लागणार होता एका ठिकाणी, त्यानं रोस्टर मागितलं तर समोरचा माणूस म्हणाला आमच्याकडं असं काही नसते, सगळे फॅमिलीसारखे राहतो. भाऊ उठून आला. मला फोन करून म्हणे दादा मी चुकलो का, आईनं नवीन शर्ट घेतला होता. मी म्हटलं नाही चुकला. सध्या तो काकूकडं दुपारच्या पाळीला आहे, तिथला चाळिशीतला भाऊ धान कापायला सुट्टीवर गेलाय तोपर्यंत. पहिल्या शनिवारी घरी आला तेव्हा खिशातून चिठ्ठी काढून दाखवली मला, सहा दिवसाचे २८८० आणि जादा पाऊण तासाचे ९०.

रात्री जायचं असंल तर साडेआठच्या आत पोचा, भाकरी लागत असतील तर आठच्या आत. शुक्रवारी मटणासाठी संध्याकाळी सहालाच या. बुधवारी जाऊ नका, बंद असते.